व्हीटी म्हणजे काय? प्रश्नमंजूषेतल्या एका हरकतीचं प्रकरण

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने छत्रपती संभाजीनगरातल्या एका महाविद्यालयाने आंतरमहाविद्यालयीन प्रश्नमंजूषा ठेवली होती. अंतिम फेरीला तीन संघ उरले: एक शहरातलाच, एक लातूरचा, एक नांदेडचा. ‘पारतंत्र्याच्या खुणा’ या फेरीत प्रश्न आला, ‘भारतीय विमानांवर व्हीटी ही अक्षरं असतात, त्यांचा अर्थ काय?’ उत्तर पांढऱ्या पाटीवर लिहून वर धरायचं होतं.

शहरातल्या संघाने लिहिलं, ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’. लातूरकरांनी लिहिलं, ‘व्हिक्टोरियन टेरिटरी’. नांदेडच्या पाटीवर होतं, ‘अर्थ काही नाही. यादीतून मिळालेली अक्षरं.’ उत्तरसूचीत पहिलं उत्तर छापलेलं होतं आणि शेजारी कंसात ‘व्हिक्टोरियनही ग्राह्य’ अशी टीप होती. दोन संघांना दहा-दहा गुण मिळाले, नांदेडला शून्य. त्या दहा गुणांवर पहिला क्रमांक अडला होता.

नांदेडच्या संघातली मुलगी उभी राहिली. “सर, तुम्ही सांगायलाव तो अर्थ कुठल्या कागदावर छापलाय तेवढं दाखवा. आम्ही गप बसतो.” सूत्रसंचालकांनी उत्तरसूची वर केली. ती म्हणाली, “ही तर तुम्हीच छापलीय की.” सभागृह हसलं आणि लेखी हरकत परीक्षक मंडळाकडे आली.

मंडळात तिघं होतो. इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका, त्यांना सगळे मॅडमच म्हणतात. चिकलठाणा विमानतळावर नोकरी करून निवृत्त झालेले एक साहेब. आणि मी, हौशी रेडिओवाला. निर्णय कारणांसह लेखी द्यायचा होता. तोच प्रश्नसंच आणखी काही महाविद्यालयं वापरणार असल्यामुळे इथे तो निर्णय जरा ऐसपैस मांडतो आहे.

सूचीतलं उत्तर आलं कुठून?

प्रश्न काढणाऱ्या तरुण प्राध्यापकांनी सरळ सांगितलं की हे उत्तर व्हॉट्सॲपवर, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत आणि वर्तमानपत्रांतही वाचलं आहे. ते खोटं नव्हतं. व्हीटी ही गुलामीची निशाणी आहे, ती बदला, ही मागणी संसदेत झाली आहे आणि २०२२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात त्यासाठी जनहित याचिकाही दाखल झाली होती. इतक्या वरपर्यंत गेलेली गोष्ट पोरांनी खरी धरली तर त्यांचा दोष काढता येत नाही.

शिवाय ती पटावी अशी आपल्याकडे तयारीही आहे. मराठी माणसाच्या कानात व्हीटी म्हटलं की मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस वाजतं. स्टेशनचं नाव १९९६मध्ये बदललं तरी देवगिरीने जाणारी आमची जुनी मंडळी अजून ‘व्हीटीला उतरतो’ म्हणतात. रेडिओवर वैमानिक ही अक्षरं ‘व्हिक्टर टँगो’ अशी उच्चारतात, म्हणजे पुन्हा व्हिक्टोरियाची आठवण. आणि गाड्यांच्या पाट्यांनी आपल्याला वेगळीच सवय लावून ठेवली आहे. एमएच म्हणजे महाराष्ट्र, पुढे २० ते २६ म्हणजे संभाजीनगरपासून नांदेडपर्यंतचे जिल्हे. पाटीवरच्या अक्षरांना अर्थ असतोच, हे आपण गृहीत धरून चालतो. विमानाच्या बाबतीत हे गृहीतच चुकतं.

तारखा

आम्ही आधी तारखा लावल्या, कारण त्यात मतभेदाला जागा नसते.

पहिल्या महायुद्धानंतर विमानं सरहद्दी ओलांडू लागली, तेव्हा कोणतं विमान कोणत्या देशाचं हे ओळखायला १३ ऑक्टोबर १९१९च्या पॅरिस करारात अक्षरं ठरली. ब्रिटनला जी, फ्रान्सला एफ, इटलीला आय, अमेरिकेला एन. ब्रिटिश साम्राज्याला सगळं मिळून एकच जी मिळालं आणि त्याच्या पुढच्या अक्षरावरून आतला मुलूख ओळखायचा: कॅनडाचं जी-सी, ऑस्ट्रेलियाचं जी-एयू, हिंदुस्थानचं जी-आय. म्हणजे हिंदुस्थानात नोंदलेल्या पहिल्या विमानांवर व्हीटी नव्हतंच. त्यांच्यावर थेट ग्रेट ब्रिटनचं अक्षर होतं.

पुढे १९२७मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषद भरली. जहाजं, किनाऱ्यावरची केंद्रं, विमानं या सगळ्यांना रेडिओवरची हाक लागते आणि एकाच हाकेला दोघांनी ओ दिली तर घोटाळा होतो. म्हणून इंग्रजी वर्णमालेचे तुकडे पाडून ते देशादेशांत वाटले. त्या वाटपात व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड हा तुकडा हिंदुस्थानच्या वाट्याला आला. विमानांची चिन्हंही याच तुकड्यांतून घ्यायची असं ठरलं आणि १९२९पासून आपल्या विमानांवर जी-आय जाऊन व्हीटी आलं. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं, ते पस मॉथ विमान व्हीटी-एडीएन होतं.

राणी व्हिक्टोरिया १९०१मध्ये वारली. तिच्यामागे अठ्ठावीस वर्षांनी विमानांवर तिचं नाव कोरावं आणि तेही रेडिओच्या यादीत लपवून, याला कागदोपत्री काहीच आधार सापडत नाही. व्हाइसरॉय १९२९मध्ये होते, हे खरं. पण हिंदुस्थानच्या राज्यकारभारात ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ नावाचा प्रदेश कधीच नव्हता.

शेजारी कोण कोण आहे?

माझा उपयोग इथे झाला. हौशी रेडिओवाल्याला सरकार परवान्यासोबत एक हाक देतं आणि आपल्याकडे ती बहुतेकदा व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ने सुरू होते. जगाच्या दुसऱ्या टोकाशी बोलणं झालं की आम्ही एकमेकांना पोस्टकार्डाएवढी कार्डं पाठवतो, त्यावर ती हाक ठळक छापलेली असते. असं एक कार्ड मी टेबलावर ठेवलं. व्ही म्हणजे व्हाइसरॉय असेल तर यातल्या यूचं काय करायचं? आकाशवाणीच्या मुंबई केंद्राची जुनी हाक व्हीयूबी. तिथे कोणता प्रदेश बसवायचा? व्हीटी, व्हीयू, व्हीव्ही, व्हीडब्ल्यू ही चारही घरं एकाच सातबाऱ्यावरची आहेत. त्यातलं पहिलं विमानांना दिलं, दुसरं रेडिओवाल्यांना. यापलीकडे त्यात काही नाही.

पण खरी गंमत व्हीटीच्या अलीकडच्या घरात आहे. व्हीएच ऑस्ट्रेलियाचं, ते आजही आहे. व्हीपी ते व्हीएस ही ओळ मात्र ज्यांना स्वतःचं स्थान नव्हतं अशा ब्रिटिश वसाहतींसाठी एकत्र होती. केनिया व्हीपी-के, सिलोन व्हीपी-सी, मलाया व्हीआर-आर, हाँगकाँग व्हीआर-एच. आजही बर्म्युडाची विमानं व्हीपी-बी लावतात, कारण बर्म्युडा आजही ब्रिटनच्या ताब्यात आहे. ‘टेरिटरी’ शोधायचीच असेल तर ती या ओळीत आहे. हिंदुस्थानला तिच्या बाहेर, स्वतःच्या नावाने वेगळा तुकडा मिळाला होता. कारणही साधं आहे. तारयंत्राच्या काळात, १८६९मध्येच, हिंदुस्थान आंतरराष्ट्रीय तारसंघाचा, म्हणजे आजच्या दूरसंचार संघाचा, सभासद झाला होता. राज्य इंग्रजांचंच होतं, पण यादीत नाव वेगळं होतं.

मॅडमचा आक्षेप

इथपर्यंत प्रकरण सरळ वाटत होतं. मॅडमनी ते अडवलं आणि अडवलं ते बरं केलं.

त्यांचं म्हणणं असं: व्हीए ते व्हीजी कॅनडा, मग ऑस्ट्रेलिया, मग वसाहती, मग हिंदुस्थान. जवळजवळ अख्खी व्हीची ओळ म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचा नकाशाच आहे. मग ‘अर्थ काही नाही’ असं कसं म्हणता? अक्षरांचा विस्तार होत नसेल, पण ती कुणाच्या शेजारी बसली आहेत यात इतिहास आहेच. वाटप करणाऱ्यांनी साम्राज्याला एका रांगेत बसवलं होतं.

हे मान्य करावंच लागतं. माझं म्हणणं एवढंच होतं की त्या रांगेतही पायऱ्या होत्या आणि १९२९च्या बदलात आपण एक पायरी खाली नाही, वर गेलो होतो. ज्या अक्षरांना लोक गुलामीचा शिक्का म्हणतात, त्यांनीच आपल्या विमानांवरचं ग्रेट ब्रिटनचं जी पुसलं. ही गोष्ट एकाही फॉरवर्डमध्ये नसते आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मॅडमनी शेवटी लिहिलं, ‘दोन्ही विधाने एकत्र नोंदवावीत’, आणि निर्णयात ती तशीच नोंदवली आहेत.

त्यांनीच आणखी एक प्रश्न टाकला. दिवस मुक्तिसंग्रामाचा होता, म्हणून तो सुचलाही असेल: १७ सप्टेंबर १९४८च्या आधी आपण निजामाच्या राज्यात होतो, मग निजामाच्या विमानांवर काय होतं? हैदराबाद संस्थानचं भांडवल असलेली डेक्कन एअरवेज नावाची कंपनी होती, टाटांचीही त्यात भागीदारी होती, आणि १९५३मध्ये ती इतर कंपन्यांबरोबर इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तिची विमानं व्हीटीच होती. निजामाने स्वतंत्र राहण्याचा कितीही आव आणला, तरी आंतरराष्ट्रीय यादीत हैदराबादच्या नावाचं अक्षर नव्हतं आणि नवं अक्षर फर्मान काढून मिळत नाही. विमानावरचं चिन्ह राजाच्या दाव्यावर मिळत नसून यादीतल्या नावावर मिळतं, याला आमच्याच मुलखातलं याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

१९४७ला का बदललं नाही?

लातूरच्या संघातल्या मुलाने हा मुद्दा तोंडी मांडला होता: “पाकिस्ताननं बदललं, लंकेनं बदललं, आपणच का ठेवलं?” प्रश्न रास्त आहे, उत्तरही त्यातच आहे. फाळणीनंतर व्हीटीचा तुकडा भारताकडे राहिला आणि पाकिस्तानला नवा घ्यावा लागला, म्हणून त्यांचं एपी आलं. सिलोन, केनिया, मलाया यांची जुनी अक्षरं वसाहतींच्या सामाईक ओळीतली होती, ती सोडणं त्यांना भागच होतं. म्हणून श्रीलंका ४आर, केनिया ५वाय, मलेशिया ९एम. हाँगकाँग १९९७मध्ये चीनकडे गेलं आणि व्हीआर-एचचं बी-एच झालं. भारताच्या बाबतीत घर आधीपासून आपल्याच नावावर होतं, म्हणून हलायची वेळ आली नाही.

त्याआधी ७ डिसेंबर १९४४ला नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो करारावर सह्या करणाऱ्या ५२ देशांत भारतही होता. त्या कराराचं सतरावं कलम सांगतं की विमान जिथे नोंदलेलं, त्या देशाचं त्याचं राष्ट्रीयत्व. चिन्हांचे तपशील सातव्या परिशिष्टात आहेत: अक्षरं रेडिओच्या यादीतूनच घ्यायची, पंखाखाली किमान ५० सेंटिमीटर उंच, अंगावर किंवा शेपटीवर किमान ३० सेंटिमीटर. एसओएस किंवा पॅनसारखी संकटाची हाक वाटेल अशी जुळणी द्यायची नाही, क्यूने सुरू होणारी तीन अक्षरंही नाहीत. व्हीटीपुढच्या तीन अक्षरांच्या जुळण्या गणिताने १७,५७६ होतात, वगळायच्या त्या वगळून थोड्या कमी. आपल्याकडे ही नोंदवही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे असते.

साहेबांची टाचणी

विमानतळावरचे साहेब या सगळ्या वेळात गप्पच होते. नंतर म्हणाले, “अर्थ काय ते राहू द्या, ही अक्षरं कामाला काय येतात ते तरी लिहा. पोरांना तेच माहीत नसतं.” आणि त्यांनी चिकलठाण्याचंच उदाहरण काढलं.

२६ एप्रिल १९९३. इंडियन एअरलाइन्सचं दिल्लीहून जयपूर, उदयपूरमार्गे आलेलं विमान औरंगाबादहून मुंबईला निघालं. बोइंग ७३७, आत ११८ जण. धावपट्टी संपते तिथून बीड रस्ता जात होता आणि त्यावर कापसाच्या गठाणी लादलेला ट्रक होता. विमान नीट उचललंच नाही. डाव्या बाजूची चाकं आणि इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला, पुढे सुमारे तीन किलोमीटरवर ते विजेच्या उच्चदाबाच्या तारांत गेलं आणि कोसळलं. ५५ जण गेले. चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलल्याचा ठपका आला, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक न रोखल्याचाही. शहरातल्या पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही ती दुपार विचारा.

साहेबांचा मुद्दा असा की लोक त्या अपघाताला आयसी-४९१ म्हणतात, पण तो उड्डाणाचा क्रमांक. उड्डाणाचा क्रमांक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विमानाला लागू शकतो. पडलं ते यंत्र व्हीटी-ईसीक्यू होतं. देखभालीची वही, इंजिनांच्या नोंदी, उड्डाणयोग्यतेचा दाखला हे सगळं त्या पाच अक्षरांखाली लागलेलं असतं. चौकशी त्याच नावाने चालते.

मी त्याला कनिष्कची जोड दिली. २३ जून १९८५ला कॅनडाहून लंडनकडे येणारं एअर इंडियाचं ७४७ आयर्लंडजवळ अटलांटिकवर बॉम्बने फुटलं, ३२९ जण गेले. बहुतेक प्रवासी कॅनडाचे, किनारा आयर्लंडचा, पाणी कुणाचंच नाही. तरी भारतात न्यायमूर्ती किरपाल यांची चौकशी झाली. विमान व्हीटी-ईएफओ होतं आणि कोणत्याच देशाच्या हद्दीत न पडलेल्या विमानाची चौकशी नोंदणीच्या देशाकडे येते. ही त्या दोन अक्षरांची खरी ताकद. अलीकडचं म्हणाल तर २०२३मध्ये गो फर्स्ट बंद पडली, तेव्हा भाड्याने दिलेली विमानं परदेशी मालकांना नुसती उडवून नेता आली नाहीत. आधी भारतीय नोंदणी रद्द व्हावी लागली आणि ५४ विमानांसाठी तो आदेश दिल्ली उच्च न्यायालयातून एप्रिल २०२४मध्ये मिळाला.

बदलता येईल का?

हे हरकतीत नव्हतं, पण सभागृहातून विचारलं गेलं, म्हणून थोडक्यात. येईल. भारताकडे व्हीटी ते व्हीडब्ल्यूशिवाय एटी ते एडब्ल्यू आणि ८टी ते ८वाय हेही तुकडे आहेत. हौशी रेडिओवाले खास प्रसंगी एयू वापरतात. जगदीशचंद्र बोसांच्या स्मरणार्थ एयू-२-जेसीबी ही हाक दरवर्षी ऐकू येते. ज्यांची मागणी होते ती अक्षरं मात्र मिळण्यातली नाहीत. भारतसाठी बी घ्यावं तर अख्खं बी चीनचं, इंडियासाठी आय घ्यावं तर अख्खं आय इटलीचं, हिंदुस्थानसाठी एचआय म्हणावं तर ते डोमिनिकन रिपब्लिकचं. म्हणजे व्हीटी काढून एटी लावायचं. प्रत्येक विमान रंगवायचं, दाखले, रेडिओ परवाने, विमा, भाडेकरार सगळे नव्याने करायचे, आणि शेवटी हाती येणार तीही यादीतलीच दोन अक्षरं. मला हा सौदा पटत नाही. मॅडमना पटतो, त्यांच्या मते खर्च हा स्वाभिमानाच्या आड येऊ नये. साहेबांनी या मुद्द्यावर मत दिलं नाही. मंडळाने हा भाग निर्णयाबाहेर ठेवला.

निर्णय

नांदेडचं उत्तर ग्राह्य धरून त्यांना दहा गुण द्यावेत, यावर तिघांचं एकमत झालं. उरलेल्या दोन संघांचे गुण काढायचे की ठेवायचे यावर मात्र बराच वेळ गेला. साहेबांचं म्हणणं, चूक ती चूक, काढा. माझं म्हणणं, सूची आपण छापली, त्यांनी तीच वाचलेली, ठेवा. मॅडमनी नियमावली उघडली. त्यात होतं: प्रश्नच सदोष ठरला तर तो रद्द करून बदली प्रश्न विचारावा, उत्तरसूची सदोष ठरली तर योग्य उत्तरालाच गुण द्यावेत. इथे प्रश्न ठीक होता, सूची चुकली होती. दोन्ही संघांचे दहा गुण गेले.

शहरातल्या संघाच्या मार्गदर्शक सरांना हे रुचलं नाही. “आमच्या पोरांनी तुमच्याच शहरातल्या पुस्तकात वाचलंय हे,” असं म्हणत ते पुस्तक दाखवायला घेऊन आले. पुस्तकात तसं होतं, आधार मात्र दिलेला नव्हता. ते पान आम्ही पाहिलं, निर्णय बदलला नाही.

प्रश्नसंचातली सुधारित नोंद आता अशी आहे: ‘व्हीटी हे कोणत्याही शब्दांचे संक्षिप्त रूप नाही. १९२७च्या वॉशिंग्टन रेडिओ परिषदेत हिंदुस्थानला मिळालेल्या व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड या मालिकेतील ती पहिली दोन अक्षरे असून १९२९पासून ती जी-आयच्या जागी आली. व्ही या अक्षराखाली ब्रिटिश साम्राज्यातील अनेक देशांना मालिका देण्यात आल्या होत्या.’ शेवटचं वाक्य मॅडमचं. नांदेडच्या मुलीने निकालानंतर ते वाचलं आणि विचारलं, “मॅडम, मग आमचं ‘अर्थ काही नाही’ पूर्ण बरोबर नव्हतं की?” मॅडम म्हणाल्या, “नव्हतंच. पण दहाच्या दहा मिळालेत, आता बस खाली.”